खंडाळ्याच्या नावावर गेलेली टाचणी

आमच्या वाडीतल्या माणसांना एक खोड होती आणि तिचा मला आजही संताप येतो. बाहेरच्या कुणी गाव विचारलं की खरं नाव सांगायचंच नाही. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस साधासुधा असला तर "खोपोलीकडचे", मुंबईचा असला तर "कर्जतचे", आणि कपड्यांना जरा इस्त्री दिसली तर सरळ "खंडाळ्याजवळचे". करंजवाडी नावाचं काही आहे हे एक आम्हाला माहीत नि एक तलाठ्याला. आपण नाव सांगायचं, मग समोरचा विचारणार हे कुठं आलं, मग आपण समजावणार, तरी त्याला कळणार नाही. उगाच कशाला त्याच्या डोक्याला ताप, असं म्हणून माणसं मोकळी व्हायची. वर ह्याला ती सभ्यपणा समजायची. त्या सभ्यपणाच्या पोटात लाज होती हे कुणी कबूल केलं नाही, मी तर नाहीच नाही.

वाडी खालापूर तालुक्यात, अगदी घाटाच्या पायथ्याला. वर ठाकुरवाडी स्टेशनाच्या अंगाला गाडीला मागून जोर लावणाऱ्या इंजिनांच्या शिट्ट्या आम्हाला भातखाचरात ऐकू यायच्या. घरं संपली की चढणीला एक ओहळ लागायचा. आसपासचे सगळे ओहळ होळीनंतर नुसते दगडधोंडे होऊन पडत, हा मात्र वैशाखातही वाहता. उंबराच्या नि जांभळींच्या मुळांतून एक झरा यायचा आणि त्याच्याखाली जुन्या लोकांनी दगड रचून कुंड केलं होतं. सगळी वाडी तिथलं पाणी प्यायची. भर दुपारी गेलं तरी तिथं संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं, इतकी गच्च सावली.

त्या सावलीत ती टाचणी राहायची. चतुर सगळ्यांनी पाहिलेला असतो. टाचणी ही त्याची सडपातळ बहीण. चतुर बसताना पंख पसरून बसतो, ही ते पाठीवर मिटून घेते. खाचरांच्या बांधांवर निळ्या-हिरव्या टाचण्या ढिगाने असत, त्यांना कुठलंही डबकं चालतं. कुंडावरची निराळी होती. अंग काळं, शेपूट शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक नि लांबच लांब, मानेशी फिकट निळसर खूण आणि तशीच एक शेपटीच्या टोकाला. मुळांच्या अंधारात बाकीची टाचणी दिसायचीच नाही, हवेत लटकलेले दोन फिकट ठिपके तेवढे दिसायचे. उडाली तर ह्या मुळावरून त्या मुळावर, फार झालं तर पुढच्या दगडापर्यंत. वाटेत उन्हाचा कवडसा आला की मागे फिरायची. कुंडापासून शेवटच्या जांभळीपर्यंत दोनशे पावलं असतील. त्या दोनशे पावलांबाहेर ती मी कधीही पाहिली नाही, आणि मी सगळं लहानपण त्या रानात उंडारण्यात घालवलं आहे.

दर वैशाखात वाडी मिळून कुंड उपसायची. त्या कामाची मुखत्यारी माझ्या काकीकडे होती. ही माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कुंडाच्या बाबतीत तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. तिचा एक नियम होता, तो तिला तिच्या सासूकडून आलेला. उपसलेला गाळ म्हणजे शेताला सोनंच, ज्याला त्याला तो लगेच न्यायची घाई. पण तो तसा न्यायचा नाही. कुंडाच्या काठाला सावलीत ढीग करायचा, ढिगाची एक बाजू पाण्याला टेकलेली ठेवायची, आणि एक रात्र जाऊ द्यायची. सकाळी मग कुणी किती पाट्या न्याव्यात ते तिने सांगायचं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना तिला ह्याचं कारण विचारलं होतं.

"गाळात पान्याची पोरंसोरं असत्यात, बाय," ती म्हणाली. "त्यांना पाय हायत, जातील आपापल्या घरी. आपन एक रात वाट मोकळी ठेवायची, येवढंच."

आणि ती खरंच जायची. दिवेलागणीला मी ढिगापाशी उकिडवी बसून बघितलं आहे. मातकट रंगाचे, बोटाच्या पेराएवढेसुद्धा नसलेले जीव, मागे तीन फुगीर शेपट्या, चिखलातून सरपटत पाण्यात उतरायचे. पुढे पावसाळ्यात ह्यांच्याच टाचण्या होतात हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

एके वर्षी भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या घाईत माझ्या वडिलांनी संध्याकाळीच चार पाट्या गाळ घरी आणून टाकला. वडील म्हणजे काकीचे थोरले दीर. त्यांच्याशी समोरासमोर बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. काकी पदर पुढे ओढून गोठ्याच्या दाराशी उभी राहिली आणि बैलाला म्हणाली, "काय रं, कुंडावरचा गाळ कोनी उचलला? ज्यानी उचलला त्याला म्हनावं, जेवायच्या आदी परत टाकून ये." वडील ओटीवरच बसले होते. ते उठले आणि चारही पाट्या परत टाकून आले.

अकरावीची मॅट्रिक झाल्यावर मला शहरातल्या कॉलेजात घातलं. वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. विषय प्राणिशास्त्र. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात एका मुलीने आपल्या खेड्याचं नाव सांगितलं आणि त्या नावावरून तिला महिनाभर चिडवलं गेलं. मी ते बघितलं आणि मला कुणी विचारलं तेव्हा "खंडाळा" म्हणून मोकळी झाले. खंडाळा म्हटल्यावर मुलींचे चेहरे बदलले. कुणी विचारलं, तुमचा बंगला आहे का? मी नाही म्हटलं, पण जरा हळूच म्हटलं.

दिवाळीच्या सुट्टीत पंचवीस कीटक जमवून आणायला सांगितलं होतं. त्यांत मी कुंडावरच्या दोन टाचण्या नेल्या. आमच्या सरांनी भिंग लावलं आणि ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. सर एरवी कोरडे, पण त्या दिवशी काय बोलले! म्हणाले, ह्या टाचण्यांचं एक वेगळंच कुळ आहे. त्या कुळाचं राज्य दक्षिणेतल्या डोंगरांत, सिलोनात, तिथून पुढे पूर्वेकडच्या बेटांत. न आटणारं पाणी आणि न हलणारी सावली, ह्या दोन गोष्टी जिथे एकत्र तिथेच हे कुळ. आणि प्रत्येक डोंगराची जात न्यारी. एका खोऱ्यातली शेजारच्या खोऱ्यात सापडायची नाही, कारण मधलं ऊन तिला ओलांडता येत नाही. एक ओहळ मेला की त्या ओहळाची जात जगातून गेली असं समजा. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. काकीला हे सगळं जाऊन सांगावं असं मला झालं होतं.

मग सरांनी विचारलं, "कुठे मिळाल्या ह्या तुम्हाला?"

माझ्या दोन्ही बाजूंना हॉस्टेलच्या मुली उभ्या होत्या. मी म्हणाले, "खंडाळ्याजवळ, सर."

सरांनी बारीक अक्षरात चिठ्ठी लिहिली, ती टाचण्यांच्याच सुईत ओवली आणि सुई कीटकांच्या पेटीत रोवली. चिठ्ठीवर फक्त "खंडाळा" होतं. "जवळ" सुद्धा गेलं होतं. "बरोबरच आहे," सर म्हणाले, "वरची थंड हवा. खाली कोकणातल्या उकाड्यात हे कुळ टिकायचं नाही." त्या उकाड्यात जन्मलेली, वाढलेली मी, मान डोलावली.

सरांवर माझा राग आहे तो वेगळा. दर उन्हाळ्यात हे गृहस्थ खंडाळ्याला कुणा मित्राच्या बंगल्यावर उतरत. दोन उन्हाळे त्यांनी तिथे ही टाचणी शोधली म्हणे. उन्हाळ्यात ती टाचणीच्या रूपात नसतेच, दगडाखाली नि गाळात असते, हे आमच्या काकीला ठाऊक होतं आणि ह्यांना नव्हतं. सापडली नाही तेव्हा ती दुर्मिळ आहे असं ठरवून ते स्वस्थ बसले. घाटाखाली उतरून एकदा बघावं, ही पोरगी नक्की कुठली हे विचारावं, एवढं काही त्यांच्या मनात आलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ते हेच.

शिक्षण संपलं आणि मी खोपोलीला शाळेत लागले. शिळफाट्याला एस.टी.तून उतरायचं, शाळा करायची, शनिवारी वाडीवर जायचं. त्या टाचण्यांची गोष्ट मी वर्गात मुलांना सांगायची, चिठ्ठीची सोडून.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर वाडीखालच्या माळावर बंगल्यांची एक वसाहत बसू लागली, मुंबईच्या लोकांना हवा खायला. त्यांना पाणी हवं, आणि न आटणारं पाणी आमच्या कुंडाशिवाय जवळपास कुठेच नव्हतं. एका खात्याने योजना आखली. कुंड फोडून सिमेंटची बंद टाकी बांधायची, तिथून नळाने पाणी खाली न्यायचं. पाला पडून टाकी भरू नये म्हणून वरची झाडं तोडायची. वाडीच्या तोंडाशीही एक नळ मिळणार होता.

वाडी नळासाठी आतुर होती, आणि ह्यात मी वाडीला नावं ठेवणार नाही. मी सगळ्यात आधी काकीशी भांडायला गेले तेव्हा तिनेच मला गप्प केलं. "तुला खोपोलीत नळ हाय ना? मंग आमी डोक्यावरच हंडं वाहायचं व्हय?" तिच्या मानेला हंड्यांनी कायमची उसण भरलेली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. पाणी न्या, पण सगळं नेऊ नका. झाडं ठेवा. कुंडाची एक बाजू उघडी राहू द्या, आणि फोडताना गाळाला एक रात द्या. मला वाटतं त्या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं तेवढं एकच म्हणणं होतं, आणि ते ऐकून योजनेवरचा ओव्हरसिअर हसला होता.

मी खालापूरला त्या खात्याच्या कचेरीत अर्ज दिला. लिहिलं की ह्या ओहळावर टाचणीची एक जात राहते, तिच्या कुळाचं घाटाच्या ह्या टोकाला दुसरं ठिकाण माहीत नाही, म्हणून झाडं नि कुंडाचा काही भाग राखावा. तिथला साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज दोनदा वाचला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," तो म्हणाला. "कुणा जाणकाराचा कागद आणा. मला वर दाखवायला काहीतरी लागेल."

जाणकार तर मला माहीतच होता. सुट्टी टाकून मी कॉलेजात गेले. सर आता विभागाचे प्रमुख झाले होते. त्यांनी पेटी काढून दिली. माझ्या टाचण्या होत्या, एकीची शेपूट मोडून काचेखाली पडली होती. चिठ्ठी मात्र जशीच्या तशी.

मी म्हटलं, "सर, ह्या खंडाळ्याच्या नाहीत. करंजवाडीच्या आहेत. घाटाखालच्या."

सरांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

ते टाळून मी चिठ्ठी बदलून मागितली आणि खालापूरला दाखवायला एक कागद मागितला.

"दोन-तीन मैलांनी असा काय फरक पडतो?" सर म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका खोऱ्यातली दुसऱ्या खोऱ्यात जात नाही हे ज्या तोंडाने मला शिकवलं त्याच तोंडाने हे! मी ते बोलूनही दाखवलं. तेव्हा सर शांतपणे म्हणाले की चिठ्ठी ही साक्ष असते, आणि इतक्या वर्षांनी कुणी येऊन सांगतं म्हणून साक्ष बदलत नसतात. हवं तर चिठ्ठीवर जे आहे ते लिहून देतो. आणि त्यांनी खरंच लिहून दिलं, सहीशिक्क्यासह. ह्या कुळातली टाचणी, ठिकाण खंडाळा.

तो कागद मी फाडून टाकायला हवा होता. पण हाती दुसरं काही नव्हतं, म्हणून तोच घेऊन मी खालापूरला गेले.

"ही तर खंडाळ्याची," साहेब म्हणाला.

मी सांगितलं की चिठ्ठी चुकली आहे, तेव्हा माझ्याकडून तसं सांगितलं गेलं.

साहेबाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. त्या कारकुनाचा मला इतका राग आला होता की घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होते. साहेबाने मात्र समजुतीच्या सुरात सांगितलं की टाचण्याच त्या, इथली झाडं गेली तर उडून वर खंडाळ्याला जातील, तिथे त्यांची भावंडं आहेतच. जणू त्या शिळफाट्याला येऊन घाटाची एस.टी. धरणार होत्या. उन्हाचा एक कवडसा ओलांडता येत नाही त्यांना!

मी शेवटचा उपाय केला. वैशाख होता, उडणारी टाचणी मिळणं शक्य नव्हतं. कुंडातल्या दगडाखालून पाच-सहा पिल्लं काढली, बरणीत पाणी नि थोडा गाळ घातला, आणि बरणी मांडीवर धरून खालापूरपर्यंत गेले. बरणी साहेबाच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, बघा, ही इथली, आज सकाळी काढली. साहेबाने बरणी उजेडाला धरली. तीन शेपट्यांचे ते जीव वळवळताना बघून त्याचं तोंड वाकडं झालं.

"हे पाणी तुमची वाडी पिते?" त्याने विचारलं. "ह्यात तर किडे आहेत. बाई, बंद टाकी लवकरात लवकर व्हायला हवी."

माझा पुरावा असा त्यांच्या कामाला आला. पाण्यात ही पिल्लं आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे, हे मी ओरडून सांगितलं, पण तोवर साहेबाने शिपायाला बरणी बाहेर न्यायला सांगितली होती. ती माझ्या हाती परत आलीच नाही. कचेरीमागच्या गटारात त्या पिल्लांचं काय झालं असेल ते मला कल्पनेनेही नको वाटतं.

आठ दिवसांत झाडं पडली. कुंड फोडायच्या दिवशी मी वाडीवरच होते. गाळ निघाला तो इतक्या वर्षांत निघाला नव्हता इतका, तळापासून खरवडलेला. मुकादमाने ट्रक लावून ठेवला होता, खालच्या रस्त्याच्या भरावाला तो गाळ हवा होता. काकी ट्रकच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. परक्या पुरुषाशी बोलताना ती पदर पुढे ओढायची, तो त्या दिवशी ओढला नाही.

"एक रात थांबा," ती म्हणाली. "सकाळी मीच भरून देते पाट्या. एक रात."

"मावशी, ट्रक आजचाच आहे," मुकादम म्हणाला, आणि त्याने ड्रायव्हरला खूण केली.

माणसं तिला धरून बाजूला घेऊन गेली. त्यांत वाडीचीच माणसं होती, ज्यांनी आयुष्यभर तिच्या शब्दावर गाळ थांबवला होता. मला त्यांचा राग आला, मुकादमाचा आला, साहेबाचा, सरांचा, बंगल्यांत हवा खायला येणाऱ्या न पाहिलेल्या माणसांचाही आला. ट्रक गेला तेव्हा त्याच्या मागच्या फळीतून पाणी ठिबकत होतं. काकीने खाली सांडलेला गाळ ओंजळीने गोळा केला, पाटीभर झाला तो, आणि ओहळाच्या खालच्या अंगाला एका डबक्यात नेऊन सोडला. ते डबकं दसऱ्याच्या आत आटलं. टाकीने सगळाच झरा गिळला होता.

भाद्रपदात मी दर शनिवारी जाऊन बसायची. उघड्यावर आलेले दगड तापलेले असायचे. बांधावरच्या निळ्या टाचण्या तिथे यायला लागल्या होत्या. आमची एकही दिसली नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही.

वाडीत मात्र माझं नाव झालं. बाई साहेबाशी भांडली, कॉलेजातून कागद आणला, पण ऐकतंय कोण, असं बायका नळावर एकमेकींना सांगायच्या. मी ते ऐकून घेत होते. चार-पाच वर्षं ऐकून घेतलं. मग एका शनिवारी नळाला पाणी यायची वाट बघत काकी आणि मी बसलो होतो, आणि ती साहेबाला शिव्या घालत होती. डोळे असून आंधळा मेला, म्हणाली. तेव्हा मला राहवलं नाही आणि मी तिला चिठ्ठीचं सगळं सांगून टाकलं.

ती जरा वेळ हंड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"मंग त्या सायबाला कसं कळनार?" ती म्हणाली. "त्याच्या कागदावर तर खंडाळाच व्हता."

"सरांनी लिहिलं ते," मी म्हटलं.

"सांगितलं कोनी?"

मी म्हटलं, "आपली सगळीच माणसं तसं सांगतात, काकी. तूसुद्धा एस.टी.त खोपोली सांगतेस."

नळातून हवा फुसफुसली आणि पाण्याची बारीक धार सुरू झाली. काकीने हंडा खाली सरकवला.

"आमी काय सांगतो ते कोन लिहून ठेवतंय?" ती म्हणाली. "तुझं लिहून ठेवत्यात, बाय."